पांढरा वाख

तापातून उठल्यावर थोरली पहिल्यांदा घराबाहेर पडली ती थेट तळ्यावर गेली. पाय लटपटत होते, तोंडाला चव नव्हती. पण अंबाडी अजून पाण्यात होती आणि ती किती दिवस राहिली, हे मोजायची तिला भीती वाटत होती.

दोर वळणाऱ्यांचं घर ते. सासरा, नवरा, धाकटा दीर आणि ही थोरली सून. अंबाडी कापायची, जुड्या बांधून तळ्यात दगडाखाली दाबायच्या, कुजून मऊ झाल्या की काढून साल सोलायची, धुवायची, वाळवायची. जो लांब धाग्यांचा वाख निघेल त्याचे दोर वळायचे. त्या हंगामात निम्मी अंबाडी वेळेवर निघाली होती. उरलेली निम्मी पाण्यात असतानाच ताप घरात शिरला आणि एकेकाला त्यानं आडवं केलं. बाहेर ऊन रोज रणरणत होतं. तळ्याचं पाणी हललं नाही, नुसतं तापत राहिलं.

ती कमरेइतक्या पाण्यात उतरली तेव्हा पाणी अंगाला कोमट लागलं. वासानं मळमळलं. दगड बाजूला लोटून तिनं एक जुडी वर घेतली आणि काडीवर अंगठा फिरवला. साल आपोआप सुटून हातात आली. एरवी नखं दुखेपर्यंत सोलावी लागायची. आज काडी नुसती निसटली, तशी तिनं घाईघाईनं दुसरी जुडी वर ओढली.

वाळल्यावर तो वाख पांढराशुभ्र दिसायला लागला. नवरा काठी टेकत अंगणात आला आणि हरखूनच गेला.

"अगं, रेशीम आहे रेशीम! असा पांढरा वाख आपल्या घरात कधी निघाला नव्हता."

तिनं एक बट घेतली, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळली आणि झटका दिला. चांगला वाख बोटाला कापतो, पण सुटत नाही. सुटलाच तर कट् करून वाजतो. हा वाजलाही नाही. दोन टोकं दोन हातांत राहिली.

"हा मेलाय," ती म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस. नीट पीळ बसला की धरेल."

खाटेवरून सासऱ्यानं हात पुढे केला. म्हाताऱ्यानं ती बट गालावर घासून पाहिली, नाकाशी नेली आणि परत दिली.

थोरली बारावीपर्यंत शिकली होती, तीही सायन्सला. लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर शाळेत जायचा आणि त्यानंच तिला 'मास्तरीण' करून ठेवलं होतं. साल सोलायला बसलं की तो मुद्दाम विचारायचा, "मास्तरीणबाई, आज कोणता धडा?" मग ती सांगायची. झाड कशानं उभं राहतं ते. झाडाच्या देठात मऊ पेशी असतात, त्या नुसत्या भरावासारख्या, पाण्यानं फुगलेल्या. पुस्तकात त्यांना मूल ऊती म्हणायचे. कोवळ्या देठात दुसऱ्या असतात, कोपऱ्याकोपऱ्यात जाड झालेल्या, त्या स्थूलकोन ऊती. त्यांच्यामुळे देठ वाऱ्यानं वाकतो पण मोडत नाही. त्या जिवंत असतात, देठाबरोबर वाढतात. आणि तिसऱ्या दृढ ऊती. त्यांच्या भिंती इतक्या जाड होतात, की आतला जीव संपून जातो. नारळाच्या शेंड्या त्याच, पेरूच्या बिया दाताखाली कडक लागतात त्या त्याच, आणि वाख म्हणजेही त्याच.

"म्हणजे मेलेल्या पेशी झाडाला उभं धरतात?" धाकट्यानं विचारलं होतं.

"हो तर."

"मग माझंही तेच चाललंय," म्हातारा खाटेवरून म्हणाला होता. "जीव कधीच गेला, पण घर उभं धरलंय." आणि सगळे पोट धरधरून हसले होते.

आता मात्र तिला त्या धड्यातलं पुढचं आठवत होतं. वाखाची एकेक पेशी तांदळाच्या दाण्याएवढीही लांब नसते. एकीच्या टोकाला दुसरी, दुसरीच्या टोकाला तिसरी, अशा चिकटून चिकटून त्या पुरुषभर लांब होतात. पाण्यातले जंतू आधी मऊ पेशी खातात, ते आपल्याला हवंच असतं. पण काडी तशीच पाण्यात राहू दिली, की ते पेशींना जोडणारा मधला चीकही खायला लागतात. मग वाख दिसतो वाखासारखा, चमकतो, पण धरणारं आत काही उरत नाही.

तेवढ्यात विहिरीचा मुकादम दारात आला. नव्या विहिरीचं काम चाललं होतं, त्याला लांब, जाड, तीन पेडी दोर हवा होता. तोही लगेच.

"आधीचा झिजला," मुकादम म्हणाला. "दगड-माती ओढायची आहे. आठवड्यात देता का दुसरीकडे बघू?"

"देतो की," नवरा म्हणाला.

मुकादम गेल्यावर ती नवऱ्याकडे बघत राहिली. चांगला वाख तेवढा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"मधे घालू," तो खाली बघत म्हणाला. "दोन्ही टोकं चांगल्याची, मधला तुकडा याचा. गिऱ्हाईक टोक ओढून बघतं."

"अहो, तुटला म्हणजे?"

"तुटला तर पाटीभर दगड खाली पडतील. माणसं शिडीनं उतरतात, दोरानं नाही. हंगामाचं पहिलं काम आहे, हे गेलं की मुकादम परत दारात येणार नाही. घरात तीन माणसं तापातून उठलीत. तूच सांग काय करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाख पुरवायला बसली आणि तो दोर वळायचं चाक फिरवत मागे मागे सरकत गेला. आधी खरखरीत पिवळट वाख. तो संपला तसे तिचे हात पांढऱ्या ढिगाकडे गेले. तळव्यातून तो असा सरकत होता, जसा लहान मुलाच्या डोक्याचा केस. तिला वाटलं, थांबावं, म्हणावं नको. चाक फिरत होतं. नवरा घामानं निथळत होता. ती पुरवत राहिली. शेवटच्या टप्प्याला पुन्हा पिवळट वाख आला. दोर गुंडाळून तयार झाला, तेव्हा इतका देखणा दिसत होता की मुकादमानं टोक ओढून, पायाखाली दाबून, शाबासकी देऊन तो खांद्यावर टाकला.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी धाकट्याला त्याच विहिरीवर काम मिळालं. तिथला एक खणणारा तापानं पडला होता.

"भाऊजी, शिडी नीट आहे ना तिथली?" तिनं विचारलं.

"वहिनी, तुझं काय मधेच! शिडी आहे, चांगली पक्की आहे." तो हसत निघून गेला.

नवरा चाकाला तेल देत होता. त्यानं वर बघितलं नाही.

त्या दिवसापासून अंगणात कुठे काही पडलं, तरी ती दचकायची. संध्याकाळी धाकट्याच्या चपलांचा आवाज येईपर्यंत ती दारातून हलत नसे. तो आला की मात्र उगाच त्याच्यावर डाफरायची, चिखलाचे पाय घरात आणू नका म्हणून.

मग एका दुपारी 'पैलवान' म्हणून ज्याला सगळे ओळखत, त्या अवाढव्य खणणाऱ्याची बायको दारावरून चालली होती. नवऱ्याचा डबा पोचवून परतत होती.

"बस ना, पाणी पी," थोरली म्हणाली.

"नको गं बाई, पोरं एकटी आहेत घरी." ती तांब्या उभ्यानंच तोंडाला लावत म्हणाली, "मला तर तिथं बघवत नाही आता. काल शिडीवर मोठा दगड पडला, मधोमध मोडली. आता पाळण्यात बसून दोरावर उतरतात. आमचे हे केवढे! मी डोळेच मिटून घेते. तुमचा दोर आहे म्हणतात, म्हणून जिवाला तेवढा धीर."

थोरलीच्या कानात एकदम गरम वाफ शिरल्यासारखं झालं. ती काय बोलली ते तिलाही कळलं नाही. चाकाजवळ नवरा उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चला," ती म्हणाली.

"थांब जरा. कालपासून उतरताना काही झालं नाही. मी संध्याकाळी मुकादमाला गाठतो, म्हणतो दोर बदलून देतो, काहीतरी कारण..."

ती कोनाड्यातला विळा घेऊन निघालीही होती. शेताच्या बांधावरून ती धावली, पडली, गुडघा फुटला, उठून परत धावली. मागून नवऱ्याच्या धापा ऐकू येत होत्या.

विहिरीजवळ पोचली तेव्हा तिथं आनंदाचा गोंधळ चालला होता. पाणी लागलं होतं! पहारीच्या घावानं खडक फुटला आणि तळाशी मोठा झरा सुटला होता. शेताचा मालक लोकांना मिठ्या मारत होता. मुकादम मिशीवर ताव देत होता. तिवईला टांगलेल्या कप्पीवरून दोर सरळ खाली गेला होता, आणि खालून धाकटा आणि पैलवान ओरडत होते, "ओढा रे आता! गुडघ्यापर्यंत आलं!"

चार गडी दोराला भिडले.

"ओढू नका!" ती किंचाळली. "त्या दोराला माणूस लावू नका!"

सगळे वळून बघायला लागले. पदर खांद्यावरून घसरलेला, गुडघ्यातून रक्त, हातात विळा. कुणीतरी हसलं.

"काय झालं बाई?" मुकादमानं विचारलं.

"दोर मधे कुजका आहे. मीच वळलाय. टोकं चांगली आहेत, मधला वाख मेलेला आहे."

मुकादमाची नजर तिच्यावरून तिच्या नवऱ्यावर गेली. तो नुकताच येऊन कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

"काय म्हणते ही?"

नवऱ्यानं जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली. मग तो म्हणाला, "ताप डोक्यात गेलाय हिच्या. काहीही बडबडते."

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच खाली बसली असती. खाली मात्र आवाज पोचला होता.

"वहिनी?" विहिरीतून धाकट्याचा आवाज आला, खोल आणि घुमणारा. "वहिनी, काय झालं?"

आणि त्याच क्षणी पैलवानाचा आवाज आला, बाईसारखा चिरका. "मी नाही बसत! मी नाही बसत त्या पाळण्यात! दुसरा दोर आणा!"

दुसरा दोर गावात होता आणि गाव लांब होतं. मुकादमानं एकाला सायकलवर पिटाळलं. पण विहिरीच्या वरच्या अंगाला कच्ची माती होती, आणि झऱ्याच्या धक्क्यानं ती सुटायला लागली होती. एक ढेकूळ खाली गेलं. पाण्यात आपटल्याचा आवाज वर आला.

"दोर वर घ्या," थोरली म्हणाली. "कुजका भाग कापून काढते, उरलेला जोडून देते."

"आणि तोवर खालच्यांनी काय धरायचं?" मुकादम ओरडला. "आहे तोही दोर काढून घेऊ?"

तिनं विहिरीच्या काठाशी पालथं पडून खाली बघितलं. अंधारात दोन चेहरे वर वळलेले होते. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत चढलं होतं.

"भाऊजी, दोर वर घेतेय. जोडून परत सोडते. ऐकताय ना?"

धाकट्यानं दोरावरचा हात काढला.

"घे," धाकटा म्हणाला. "पण लवकर, वहिनी."

दोर वर जाताना पैलवान ओक्साबोक्शी रडायला लागला. तो आवाज तिच्या पाठीत शिरत राहिला. दोराचा ओला ढीग मातीत पडला तशी ती त्याच्यावर वाकली आणि पिळाच्या उलट्या दिशेनं तळवा फिरवत निघाली. खरखर. खरखर. बोटांना काटे टोचत होते तोवर चांगला होता. एके ठिकाणी टोचणं थांबलं. तळवा गुळगुळीत सरकला.

"इथून," ती म्हणाली आणि विळा लावला. दुसऱ्या टोकाकडून तसंच करत आली आणि तिथंही कापला. मधला तुकडा तिनं पायानं बाजूला लोटला. मुकादमानं तो उचलून दोन हातांनी पिळून झटका दिला. दोन पेड तुटले. त्यानं तो जळतं लाकूड टाकावं तसा हातातून टाकला आणि कपाळाचा घाम पुसला.

आता गाठ मारून चालणार नव्हतं, गाठ कप्पीत अडकली असती. दोन्ही टोकांचे पेड उलगडून एकमेकांत खोल गुंफायला हवे होते, आणि ते एकट्या माणसाचं काम नव्हतं. ती गुडघ्यावर बसून पेड सोडवत होती. पेड सुटेना. तेवढ्यात समोरून दोन हात आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. नवऱ्याचे हात होते. तिनं पेड आत घातला, त्यानं ओढला. त्यानं घातला, तिनं ओढला. तिचं रक्त आणि त्याचा घाम दोरात मुरत होता. खालून दर थोड्या वेळानं धाकट्याचा आवाज येत होता. आधी "कमरेपर्यंत," मग नुसतंच "वहिनी."

कापल्यामुळे दोर आखूड पडला. जवळ उभ्या असलेल्या गाडीच्या बैलांचे कासरे सोडून, चौपदरी करून ते ओढणाऱ्यांच्या टोकाला बांधले. ती गाठ कप्पीच्या अलीकडेच राहिली. पाळणा खाली गेला.

"आधी पैलवान," खालून धाकटा म्हणाला. "याला पोहता येत नाही."

"नको!" नवरा ओरडला. "आधी तू बस! ऐक माझं, आधी तू!"

खाली बराच वेळ खळबळ झाली, पैलवानाला ढकलून बसवल्यासारखी. मग दोर ताठ झाला.

गडी ओढायला लागले. नवराही त्यांच्यात शिरला. थोरली कप्पीखाली उभी राहून काठावरून खाली बघत होती. अंधारातून गुंफण वर येताना दिसली. वजनानं ती बारीक झाली होती, तिच्यातून पाणी निथळत होतं आणि ती हळूहळू गोल फिरत होती, पीळ सुटत असल्यासारखी. एक पेड किंचित वर उचलला गेला. गुंफण कप्पीवर चढली, कप्पी करकरली, क्षणभर सगळं अडल्यासारखं झालं आणि मग ती पलीकडे उतरली. पैलवान वर आला, तो काठावर पालथा पडला आणि दोन्ही मुठींत माती धरून राहिला.

पाळणा परत सोडला तेव्हा विहिरीच्या कडेच्या मातीचा मोठा ढिगारा खाली कोसळला. धुळीनं काही दिसेना.

"भाऊजी!"

ती काठावर पालथी पडून आणखी पुढे वाकली.

"भाऊजी हो!"

मग दोराला दोन हिसके बसले. नवऱ्यानं तोंडातून कसलासा आवाज काढला आणि एवढ्या जोरानं ओढलं, की मुकादमाला त्याला आवरावं लागलं. धाकटा वर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल होता, खांद्याची कातडी सोलली होती आणि दात वाजत होते. थोरलीनं पदरानं त्याचं तोंड पुसायला घेतलं. त्यानं तिचा हात धरून खाली केला.

"वहिनी, तुला कधीपासून माहीत होतं?"

"वळताना," ती म्हणाली.

"आणि दादाला?"

तिनं मान खाली घातली. नवरा दोन पावलांवर उभा होता. "तू या विहिरीवर जाशील असं मला..." तो बोलायला लागला.

"पैलवान जाणार होता ना," धाकटा म्हणाला. "त्यालाही घर आहे." आणि तो निघून गेला, पण घराच्या दिशेला नाही.

त्यानंतर तो पैलवानाच्या ओसरीवर राहायला लागला. मुकादम दोर परत आणून दारात टाकून गेला. गावातल्या बायका पाणवठ्यावर थोरली आली की बोलता बोलता थांबायच्या. उरलेला पांढरा वाख म्हाताऱ्यानं एके सकाळी खाटेवरून उठून स्वतःच उकिरड्यावर नेऊन टाकला. नवऱ्यानं ते बघितलं आणि चाकाचा दांडा काढून भिंतीला टेकवून ठेवला. तो रात्री जेवायला बसायचा तेव्हा समोरच्या रिकाम्या जागेकडे बघायचा. तीही बघायची.

थंडीचे दिवस आले. अंबाडीचं नवं पीक वेळेवर पाण्यात गेलं आणि वेळेवर निघालं. थोरली रोज पहाटे तळ्यावर जाऊन एकेक काडी तपासायची, जरा मऊ वाटली की जुडी काढून आणायची. वाख पिवळट आणि इतका खरखरीत निघाला की तिची बोटं फाटली.

एका सकाळी धाकटा दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वाळला होता, दाढी वाढली होती.

"दुसऱ्या गावी विहिरीचं काम मिळालंय," तो तिला म्हणाला. नवरा मागे अंगणात होता, पण धाकटा त्याच्याकडे बघत नव्हता. "माझ्यापुरता दोर हवाय. तूच वळून दे."

"चाक फिरवायला दुसरं माणूस लागतं," ती म्हणाली.

तो म्हणाला, "लागतं तर लागू दे."

तिनं दोन दिवस वाख पुरवला. नवऱ्यानं चाक फिरवलं. प्रत्येक बट तिनं बोटांना गुंडाळून ओढून बघितली, मगच पुढे सोडली. दोर तयार झाला तेव्हा तिनं तो झाडाला बांधला, नवरा त्याला लोंबकळला, ती लोंबकळली, मग दोघंही लोंबकळली. तरी तिचं समाधान होईना.

धाकटा दोर न्यायला आला. तिनं टोक त्याच्यापुढे धरलं. "भाऊजी, ओढून बघा."

त्यानं टोक घेतलं, वेटोळं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "तू बघितलंस ना, मग झालं." अंगणातून जाताना भावाजवळ क्षणभर थांबला. "येतो दादा," म्हणाला आणि वाटेला लागला.

नवरा चाकाजवळ खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोरली दारात उभी राहून वाटेकडे बघत होती. धाकटा वळणापर्यंत गेला, वळणाआड झाला. त्यानं एकदा तरी ओढून बघायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं.